नाव घातलेला ड्रम

एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला माझ्या वर्गातले सगळेजण गोळ्या करत होते. कुणाची गोळी जिभेवर विरघळायची, कुणाची पोटात बारा तास तग धरायची, एकाची नुसतीच हातात फुटायची. मला गोळ्या करायच्या नव्हत्या. मला जखमेवर लावायचं कापड करायचं होतं, आणि तेही मागावर विणून नव्हे, तर विजेने ओढून. हे मी मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, सांगितलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कशाला?"

कारण माझ्याकडे होतं. माझे बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला होते. रत्नागिरीहून आले ते थेट तिथल्या लेथवरच उभे राहिले. स्टीलच्या पत्र्याची कड म्हणजे पातंच. महिन्यातून एकदा तरी हात कापून घेऊन ते घरी यायचे. दवाखान्यात गॉजची पट्टी बांधायचे, ती जखमेला चिकटून वाळायची, आणि दोन दिवसांनी ती सोडवायचं काम माझ्याकडे, कारण आईला रक्त बघवायचं नाही. तिसरीत असल्यापासून मी बाबांचा हात कोमट पाण्यात बुडवून पट्टी सोडवत आले. कितीही भिजवली तरी शेवटचा थर खपली घेऊनच निघायचा. बाबा तेवढा वेळ गाळ्यातले किस्से सांगायचे आणि स्वतःच जोरजोरात हसायचे. मला वाटायचं, आपल्या बाबांची कातडी गेंड्याची आहे.

मॅडमना मी एवढं पुराण सांगितलं नाही. "गॉज चिकटतो मॅडम, म्हणून," एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "करून बघ. पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एका कापडाच्या सहा तुकड्यांत औषध सारखं आलं नाही, तर तू गोळ्या करायच्या. वर्ष वाया घालवायचं नाही." मी मान डोलावली. तेव्हा आषाढ चालू होता आणि दिवाळी खूप लांब वाटत होती.

आता हे कापड कसं करतात ते सांगते. पाण्यात विरघळणारं एक चिकट द्रव्य घ्यायचं, त्यात औषध मिसळायचं आणि ते सिरिंजमध्ये भरायचं. सिरिंजच्या सुईला हजारो व्होल्टची वीज द्यायची. समोर वीतभर अंतरावर धातूचा ड्रम फिरत ठेवायचा, त्याची तार जमिनीत उतरवलेली. सुईच्या टोकावरचा थेंब विजेच्या ओढीने ताणला जातो, ताणता ताणता त्याचा इतका बारीक धागा होतो की डोळ्यांना दिसत नाही. वाटेतच त्यातलं पाणी उडून जातं आणि ड्रमवर पांढरा थर साचत जातो. जत्रेत बुढ्ढी के बाल करणारा काठी फिरवतो ना, तसंच काहीसं, फक्त आमच्या मशीनला हात लावला तर जत्रा कायमची संपली असती. म्हणून मामा मला रबरी चपला घातल्याशिवाय बटण दाबू द्यायचे नाहीत.

मामा आमच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. मूळचे उत्तनचे, घरची होडी भाऊ बघायचा आणि हे आमच्या काचा धुवायचे. माझ्या द्रव्यात कायटोसान नावाची एक भुकटी पडायची, ती कोलंबीच्या सालांपासून बनते असं मी त्यांना सांगितलं तर ते हसत सुटले. "सालांपासून अवशद? बाय, आमच्याकडं ढीग पडलाय सालांचा. कोन इचारत न्हाय." त्या दिवसापासून ते माझ्या प्रयोगाला घरचं कार्य समजायला लागले.

कॉलेजने फक्त विजेचा डबा घेऊन दिला होता. बाकीची जुळवाजुळव मीच केली. सिरिंज ढकलणारा पंप एका हॉस्पिटलच्या अडगळीतून आला, बेअरिंग काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून आणि ड्रम फिरवायची मोटर आईच्या शिलाई मशीनची. आई चार महिने पायाने मशीन चालवत होती आणि आल्यागेल्याला माझं शिक्षण तिच्या गुडघ्यांवर चाललंय म्हणून सांगत होती. राहता राहिला ड्रम. तो बाबांनी करायचा ठरला.

बाबांनी तो आठ दिवसांत केला. स्टीलच्या नळीचा तुकडा घेतला, लेथवर घासून गोल केला, दोन्ही बाजूंना झाकणं बसवली, मधून दांडा घातला आणि मग पॉलिशला लावला. गाळ्यातून त्यांच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही भांड्यात आपलं तोंड दिसायलाच हवं, असा त्यांचा दंडक होता. वर्तमानपत्र सोडून ड्रम माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे गो. पावडर लावायची असेल तर ह्याच्यात बघून लाव."

मी बघितलं, आणि तोंडाच्या आधी मला दिसलं ते माझं नाव. ड्रमच्या बरोबर मधोमध, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. नाव, आडनाव आणि त्यापुढे एम. फार्म.

आमच्या घरात नाव नसलेलं भांडं नव्हतं. वाटीपासून घागरीपर्यंत सगळ्यांवर बाबांचं नाव, त्यांच्याच हातचं, कारण गाळ्यात नाव घालायचं मशीन तेच चालवायचे. तेव्हा नाव घातलं ह्याचं मला काही वाटलं नाही. मला राग आला तो डिग्रीचा. "बाबा, अजून व्हायचेय मी!"

"होशील की. भांडं एकदा बाहेर गेलं की नाव घालायला परत येत नाय."

"बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी," आई आतून म्हणाली.

मी चांगली दोन दिवस धुसफुसले. माझा स्वभावच तसा, आधी भांडण आणि मग विचार. मॅडमनी ते वाचलं तर काय, ह्या लाजेने मला घाम फुटायचा. पण ड्रम एकदा फिरायला लागला की अक्षरं दिसत नसत, आणि थर बसला की झाकूनच जात. मॅडम आल्या की मी आईच्या मोटरचं पेडल दाबून ठेवायची. हळूहळू मला स्वतःलाही ते नाव दिसेनासं झालं. ताटावरचं नाव कोण रोज वाचतं?

पहिलं कापड निघालं तेव्हा मी लॅबमध्ये अक्षरशः नाचले. पापुद्र्यासारखं, पांढरंशुभ्र, आणि बाबांच्या पॉलिशमुळे ड्रमवरून अलगद सुटणारं. मॅडमना दाखवायला नेलं. त्यांनी ते बघितलं, बोटाला पाणी लावलं आणि एक थेंब त्याच्यावर सोडला. कापडाला भोक पडलं, भोक वाढत गेलं, आणि माझी सहा आठवड्यांची मेहनत टेबलावर चिकट डाग होऊन बसली. "जखम ओली असते," मॅडम म्हणाल्या आणि पेपर तपासायला लागल्या.

ते मी निस्तरलं. कापड एका रसायनाच्या वाफेत बंद करून ठेवलं की त्यातले धागे एकमेकांना धरून बसतात आणि पाण्यात विरघळत नाहीत, नुसते ओले होऊन जेलीसारखे मऊ पडतात. जखमेला न चिकटायची सगळी मदार त्या मऊपणावरच होती. ते जमलं तेव्हा नवरात्र संपत आलं होतं. उरलं ते मॅडमचं सहा तुकड्यांचं गणित, आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

वाफेत ठेवण्याआधी कापडातून एका मापाचे सहा तुकडे कापायचे, विरघळवायचे आणि प्रत्येकात औषध किती आहे ते मोजायचं. माझ्या सहांपैकी चार तुकडे बऱ्यापैकी जुळायचे आणि दोन एकदम सावकार निघायचे. कापड बदललं तरी तेच. अशी पट्टी खऱ्या जखमेवर लावली तर एका कोपऱ्याला औषध जास्त आणि दुसऱ्याला कमी, म्हणजे काही उपयोग नाही. मी सगळ्यांवर संशय घेतला. आधी मिठागरांवरून येणाऱ्या दमट वाऱ्यावर, मग सुईवर, मग वजनकाट्यावर. एका दुपारी मामांनी लादी ओली पुसली म्हणून त्यांच्यावरही घसरले. ते बिचारे दुसऱ्या दिवसापासून कोरड्या फडक्याने पुसायला लागले. आकडे तसेच राहिले.

दिवाळीच्या सुट्टीला दहा दिवस उरले असताना मी एक अख्खं कापड ड्रमवरून सोडवलं आणि टेबलावर पसरून त्याच्याकडे नुसती बघत बसले. बाजूच्या टेबलावर वर्गमैत्रीण गोळ्या मोजत होती, आणि त्या मला आत्ताच माझ्या वाटायला लागल्या होत्या. मामांनी ते कापड दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडासमोर ताणलं. जाळं फाटलंय का ते घरी असंच बघत असणार. इकडून तिकडे नजर फिरवत आणली आणि मध्ये थांबले.

"बाय, हितं काय लिवलंय काय? उलटं दिसतंय."

मी उठून कापड फिरवून धरलं. मधोमध, थोड्या दाट, गडद ठिपक्यांत, माझं नाव होतं. आडनाव होतं. एम. फार्म. तर इतकं स्पष्ट की बाबांचा 'फ' जरा पुढे झुकतो, तोसुद्धा झुकलेला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! टोकदार जागी वीज जास्त ओढते, हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असतं, म्हणून तर उंच इमारतीवर तो टोकदार दांडा लावतात. नाव कोरताना प्रत्येक ठिपक्याच्या कडेला स्टील किंचित वर आलं होतं. माझे धागे अख्खा ड्रम सोडून आधी त्या कडांवर जाऊन बसत होते. जे तुकडे नावावरून कापले जात, ते सावकार. मी मामांची माफी मागितली. "ऱ्हाऊ दे बाय, लादी कोरडी पुसायला बरी पडते," ते म्हणाले.

आता नाव काढायला सांगायचं, एवढंच उरलं होतं. आणि ते माझ्या तोंडून निघेना. मी, जिने ड्रम हातात घेतल्या घेतल्या भांडण काढलं होतं, तीच आता पळवाटा शोधायला लागले. आधी नावावर चिकटपट्टी लावून बघितली. ती प्लास्टिकची, तिच्यावर वीज उतरेना, धागे तिला वळसा घालून गेले आणि कापडाच्या मध्ये टक्कल पडलं. मग नावाचा भाग सोडून बाजूचं कापड वापरून बघितलं, तर ड्रम एवढासा की सहा तुकडेच निघेनात. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी ड्रम पिशवीत घातला आणि जेवणाच्या सुट्टीत गाळ्यावर गेले.

बाबा नुकतेच डबा उघडून बसले होते. पॉलिशच्या धुळीने डोळे सोडून सगळं तोंड काळं. मी कापडाचा तुकडा काढून ट्यूबलाइटसमोर धरला. "वाचा."

त्यांनी वाचलं, आणि असे खूश झाले की मला बोलायला सवडच मिळाली नाही. "अरे, हे तर छापून आलं! बघा रे इकडे, पोरीचं नाव कपड्यात उतरलंय!" तिघे-चौघे हात पुसत गोळा झाले. एकाने हिंदीत विचारलं की हे कापड बाजारात कधी येणार. बाबांनी तो तुकडा डब्याच्या झाकणात जपून ठेवला आणि म्हणाले, हा फ्रेम करून घेतो.

"बाबा, हे बिघडलंय," मी म्हटलं. "नावावर औषध जास्त बसतंय. हे असं राहिलं तर माझं काम बंद करून मला गोळ्या करायला लावणार आहेत."

बाबांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "म्हणजे माझ्यामुळे बिघडलं?"

मला एकदम भरून आलं. तो ड्रम त्यांनी फुकट, जेवणाच्या सुट्ट्या मोडून केला होता. "तुमच्यामुळे नाही, ठिपक्यांमुळे. त्यांच्या कडा वर राहिल्यात थोड्या."

"कडा?" त्यांनी डबा बाजूला सारला, हात धुतला, पुसला आणि ड्रम मांडीवर घेऊन नावावरून अंगठा फिरवला. डोळे मिटून पुन्हा फिरवला. मग मान वर करून त्या सगळ्यांकडे अशा नजरेने बघितलं की जणू चोरी पकडली गेली. "बर राहिली," ते म्हणाले. पत्रा कापल्यावर कडेला जी धारदार कुसळं राहतात, त्यांना गाळ्यात बर म्हणतात. हात कापतात ते त्यांच्यामुळेच. "माझ्या हातून बर राहिली. एवढी वर्षं दुसऱ्यांना शिव्या घातल्या."

नावाचं दुःख तिथेच संपलं. नाव गेलं तर गेलं, पण बर राहिलेलं काम आपल्या हातून बाहेर गेलं, हे त्यांना सहन होईना. जेवण तसंच टाकून ते मशीनवर उभे राहिले. खोल ठिपके नुसत्या पॉलिशने जाणार नव्हते, म्हणून आधी खरखरीत चाक लावलं. ड्रम चाकाला टेकवायच्या आधी मात्र ओरडून म्हणाले, "बघून घ्या रे शेवटचं! पोरीला मी आधीच पास केली होती, आता परत नापास करतोय." सगळे हसले. मीही हसले. आडनाव आधी गेलं, मग नाव, आणि एम. फार्म. सगळ्यात शेवटी.

पॉलिश झाल्यावर ड्रम सोड्याने आणि स्पिरिटने धुवायला हवा, पॉलिशच्या साबणाचं मेण राहिलं तर वीज नीट उतरणार नाही, असं मी सांगायला लागले. "शिकव आता बापाला भांडं धुवायला," ते म्हणाले. पण तीनदा धुतला, आणि प्रत्येक वेळी अंगठा फिरवून बघितला.

दुसऱ्या दिवशी नवीन कापड काढलं, सहा तुकडे कापले, मोजले. सहा आकडे एकाखाली एक लिहिले तर ते सख्ख्या भावंडांसारखे दिसत होते. खात्री म्हणून आणखी दोन कापडं काढली. मग मॅडमकडे वही नेली. त्यांनी आकडे बघितले, पानं मागे उलटून जुने आकडे बघितले आणि विचारलं, "ड्रमला काय केलंस?" मी सगळं सांगून टाकलं, डिग्रीसकट. मॅडमना मी तोवर हसताना बघितलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "डिग्री घासून काढलीस, तेव्हा आता मिळायला हरकत नाही. सुट्टी झाल्यावर उंदरांवर प्रयोग करायच्या परवानगीचा अर्ज लिहू." मामा दाराशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी तिथूनच अंगठा वर करून मला शाबासकी दिली.

परवानगी यायला आणि पुढची तयारी व्हायला फेब्रुवारी उजाडला. पांढऱ्या उंदरांच्या पाठीवर, भूल देऊन केलेल्या छोट्या जखमा. काहींना साधा गॉज, काहींना आमचं कापड. पट्ट्या बदलायच्या दिवशी मॅडमनी चिमट्याने आधी गॉज उचलला. तो खपली घेऊन आला, उंदीर चीं करून आक्रसला आणि जखमेवर रक्ताचे टिपके उभे राहिले. ते मी खूप वेळा बघितलं होतं, फक्त उंदरावर नाही. मग दुसरा पिंजरा. आमचं कापड ओल पिऊन मऊ पडलं होतं. मॅडमनी कोपरा धरून उचललं आणि ते आलं. खाली गुलाबी, स्वच्छ कातडी. उंदीर हातातला दाणा कुरतडत होता, त्याने मान वळवूनही बघितलं नाही.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी ते बाबांना सांगितलं. माणसापर्यंत पोचायला अजून कितीतरी वर्षं लागतील, कदाचित पोचणारही नाही, हेही सांगितलं. ते त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

"हलला पण नाय?"

"नाही."

"ओरडला?"

"नाही हो बाबा. खात होता."

त्यांनी घास तसाच हातात धरला. त्या बोटांवर, तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघा होत्या, त्यातली एकेक मला पाठ होती. "चांगलं झालं," ते म्हणाले. "जाम कळ यायची गो. डोक्यात जायची."

आई वाढता वाढता थांबली. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी भांडते. "मग तेव्हा सांगायला काय झालं होतं? हसत काय बसायचात?"

"सांगितलं असतं, तर तू हात लावला असतास काय?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी ताट आमटीसाठी पुढे केलं.